जात्यावर दोघी

मार्थाबाईनं गोठ्यातलं जातं बाहेर काढायला लावलं, तेव्हा वस्तीला कळलं की कृपाचं लग्न होणार. तोवर सगळे धरून चालले होते की ते मोडलं.

मोडायला निघाला होता विनोद. विनोद म्हणजे मार्थाबाईचा एकुलता एक, कृपाचा बाप, रांजणगावला कंपनीत कामाला. रविवारी प्रार्थनेहून आला, चपला काढल्या न काढल्या तोच म्हणाला, "दौंडकरांना निरोप देतो. लग्नबिग्न नको आता. दिवस थोडे राहिलेत." नवरा मुलगा दौंडचा, रेल्वेत नोकरीला, दारू नाही, तंबाखू नाही. असं स्थळ लाथाडायला निघालेल्या पोराकडं मार्थाबाईनं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. बोलली काही नाही. म्हातारी बोलत असली की घर निर्धास्त असायचं. गप्प बसली की कुत्रंसुद्धा उंबऱ्याबाहेर जाऊन बसायचं.

सोमवारी तिनं ऊसतोडीच्या दोघा गड्यांना हाताशी धरलं, खताच्या गोण्या हलवल्या आणि जातं अंगणात लिंबाखाली आणवलं. न्हावऱ्याच्या बाजारातला टाकीवाला बोलावला. तो दगड उताणा करून छिन्नीनं त्याला धार लावत बसला. ठक ठक आवाज पार नदीपर्यंत गेला. भीमा तिथून हाकेवर. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. रेल्वे पलीकडून जाते. वाऱ्याचं तोंड इकडं असलं की मालगाडीचा भोंगा पाण्यावरून, उसातून थेट माजघरात येतो. गाडी मात्र दिसत नाही.

शेजारची पार्वतीबाई कुंपणाला येऊन टेकली. ती बौद्ध समाजातली. दोघी एकाच उन्हाळ्यात या वस्तीत नांदायला आलेल्या, तेव्हापासून भांडण आणि उसनंपासनं सारख्याच मापानं चाललेलं.

"मार्थे, दळण कशाचं गं?"

"हळदीचं."

"लगीन मोडलं म्हणत हुते."

"मोडायला ते काय वाळूक हाय?"

त्यांच्या घरची रीत जुनी होती. लग्नाची हळद विकत आणायची नाही. हळकुंडं उखळात फोडायची आणि घरच्या जात्यावर दोघींनी मिळून दळायची, एक सासू, एक सून, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जात्याचं कुंकू सुटलं, ओव्यांच्या जागी गीतं आली, पण जातं राहिलं. मिशनच्या एका मडमेनं त्याला हरकत घेतली होती म्हणतात. तेव्हाच्या सासूनं मडमेलाच दळायला बसवलं. पुन्हा हरकत आली नाही.

आता हरकत घेणारा निघाला तो ब्रदर अमोस. रांजणगावात कंपन्यांच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्याची प्रार्थना चालायची. कर्णा वाजेल, खरे विश्वासी क्षणात वर उचलले जातील आणि बाकीच्यांवर महासंकट येईल, हे तो अशा तोंडानं सांगायचा की ऐकणाऱ्याला एसटीचं वेळापत्रक ऐकल्यासारखं वाटावं. विनोदनं यंदा ऊस लावला नव्हता. ऊस तुटायला येईल तेव्हा तोडायला आपण कुठं असणार, म्हणून.

जात्याची बातमी लागल्यावर ब्रदर स्वतः आला. अंगानं भरलेला माणूस. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला तर खुर्चीचे पाय अंगणात बोटभर रुतले.

"आई," तो म्हणाला. सगळ्या बायांना तो आईच म्हणायचा. "जात्यावर दोघी बसवताय असं कळलं. दोघी दळत असताना त्यातली एक उचलली जाईल असं प्रभूनं सांगून ठेवलंय. आणि तुम्ही त्याचा खेळ मांडताय."

"आन् दुसरी?"

"ती मागं राहील. रडेल."

"रडंल कशाला? दळण कोण पुरं करणार मग?"

"आये," विनोद दबक्या आवाजात म्हणाला.

"तू गप. ब्रदर, मी चौथीत शाळा सोडली, पर उपासनेला कान उघडे ठिवून बसले. नोहाच्या दिवसांवाणी हुईल असं तुमीच सांगता. मग मला सांगा, नोहाच्या वक्ताला महापूर आला तवा नेलं कुणाला? पाण्यानं नेलं ते बुडाले. ठिवले ते नोहाच्या घरचे. आमी नदीकाठची माणसं. भीमेनं नेलेलं माणूस देवाकडं गेलं म्हणून आमी टाळ्या वाजवत न्हाई, बंधाऱ्याला जाऊन हुडकतो."

कुंपणापलीकडं पार्वतीबाई खुदकन हसली.

ब्रदरही हसला, शाळेतला मास्तर हसतो तसा. "त्याचा अर्थ वेगळा आहे, आई. आधी मंडळी उचलली जाणार. मग संकट."

"शिरूरचे पाळक म्हणतात, असं गुपचूप न्यायचं कुठंच लिहिल्यालं न्हाई. प्रभू यील तवा समद्या जगाला दिसंल. आन् दिवस तर खुद्द देवाच्या लेकालाबी ठावा न्हाई."

"जुनी चर्चेस झोपलेली आहेत."

"झोपल्याला परवडला. जागं राहून दुसऱ्याच्या लेकीचं लगीन मोडणारा नको."

तेवढ्यात विनोदची बायको राजश्री चहा घेऊन आली. हातात बांगडी नाही, गळ्यात मणी नाही, पायात जोडवी नाही. वर जायचंय तर अंगावरचं वजन टाका, असं ब्रदर शिकवायचा, आणि राजश्रीनं ते मनावर घेतलं होतं. उपास धरून धरून चेहरा कागदासारखा झाला होता. एकच दागिना तिला टाकता आला नाही, कारण तो तिला कधी मिळालाच नव्हता. चांदीचे जाड तोडे, सासूनं नव्या सुनेच्या पायात घालायचे. ते अजून मार्थाबाईच्याच पायात होते. का, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

राजश्री चहा देऊन वळली. लिंबाखाली कोंडा सांडलेला होता आणि त्यावर चिमण्यांचा थवा टिपत होता. ती त्यांच्यामधून चालत गेली. एकही चिमणी उडाली नाही. एकीनंही मान वर केली नाही.

ब्रदर खुर्चीतून नुसता उठला, आणि सगळा थवा भुर्रकन लिंबावर गेला.

मार्थाबाईनं ते पाहिलं. रोज दाणे टाकती, सवयीच्या झाल्यात, असं तिनं स्वतःला सांगितलं.

लग्नासाठी अंगण सारवलं त्या दिवशी राजश्री ओल्या सारवणावरून पाण्याची घागर घेऊन गेली. मार्थाबाईच्या तोंडात शिवी आली होती ती तिथंच राहिली. ती काठी टेकत गेली आणि वाकून पाहू लागली. कोंबडीची पावलं होती. मांजराचं एक होतं. राजश्रीची नव्हती. मधे एका जागी फक्त पाच बोटांची टोकं उमटलेली, झाडावरचं फळ काढताना माणूस चवड्यावर उभं राहतं तशी. भरलेली घागर डोक्यावर, आणि अशी पावलं.

दुपारी तिनं सुनेला माजघरात बोलावलं. "बस बाजंवर."

राजश्री बसली. बाज बोलली नाही. त्या बाजेवर मांजर बसलं तरी सुंभ कुरकुरायचा. मार्थाबाई शेजारी टेकली तर बाजेनं अख्ख्या घराला सांगितलं.

"काय हुतंय तुला?"

"काय न्हाई, आत्याबाई. हलकं वाटतं."

"चक्कर?"

"चक्कर न्हाई. बरं वाटतं. डोक्यावरची पाटी कुणी उतरून घेतल्यावाणी." ती थांबली. "सकाळी उठताना पाय भुईला लागायला येळ लागतो."

"यवतच्या डाक्टरकडं जाऊ. उपासानं रगत आटलंय तुझं."

"नको. मला जायचं हाय."

"कुठं?"

राजश्रीनं वर पाहिलं नाही, बोटही दाखवलं नाही. हसली फक्त. लग्न होऊन आली त्या दिवसानंतर ती असं हसलेली मार्थाबाईला आठवेना.

"पोरीचं लगीन टाकून?"

"पोरगी तिच्या घरी जाईल. ह्यांचं तर आता तिकडंच ध्यान. मला हितं धरून ठिवणारं काय हाय, आत्याबाई?"

सुनेच्या प्रत्येक वाक्याला मार्थाबाईकडं आजवर तयार उत्तर असायचं, पुष्कळदा वाक्य संपायच्या आधीच. आज मात्र ती उठली आणि राजश्री रोज घासायची ती भांडी स्वतः घासत बसली. तांब्या असा घासला की त्याचं बूड चमकायला लागलं. त्या रात्रीपासून तिनं सुनेच्या भाकरीवर तूप वाढायला सुरुवात केली आणि ती खाईपर्यंत समोरून हलायची नाही.

हळद दळायचा दिवस उजाडला तो स्वच्छ. वस्तीतल्या बाया जमल्या. जात्याभोवती पोतं अंथरलं होतं, सुपात फोडलेली हळकुंडं होती. फाटकाशी ब्रदर चार माणसं घेऊन उभा, डोळे मिटून प्रार्थना चाललेली. विनोद त्यांच्यात होता आणि नव्हताही, एक पाय अंगणात, एक बाहेर. कृपा आजीच्या मागं बसली होती.

मार्थाबाईनं पदर खोचला. "राजश्री, बस."

"आये, दुसरी कुणीबी बसव," विनोद म्हणाला. "पार्वतीमावशी बसतील."

"मला कशाला मधी घेतोस बाबा," पार्वतीबाई म्हणाली. "आमच्यात कुणी उचलायला येत न्हाई. आमचं आमी चालत जातो."

"सासू-सुनंनं बसायची रीत हाय," मार्थाबाई म्हणाली. "सासू मी. सून तू एकच आणलीस."

राजश्री समोर येऊन बसली. दोघींनी खुंटा धरला. जातं फिरलं.

जात्यावर जन्म गेलेल्या बाईला समोरचीचं मन खुंट्यातून कळतं. आपण ओढतो, ती घेते. ती ओढते, आपण सोडतो. रागात असली तर खुंटा आधीच निसटतो, दुःखात असली तर जड येतो. राजश्रीची ओढ मार्थाबाईला पाठ होती. आजही तीच होती, हलकी पण तीच. दगड घरघरला, कडेनं पिवळी रेघ पडायला लागली, हळदीचा कडवट वास नाकात गेला. बायांनी गीत धरलं. कृपानं मागून सूर मिसळला. चार फेरे, दहा फेरे, मार्थाबाईचा जीव भांड्यात पडला. उगाच घाबरले, असं तिला वाटलं.

मग नदीकडून भोंगा आला.

"मालगाडी," पार्वतीबाई म्हणाली.

सगळ्यांनी मान डोलावली. गीत चालू राहिलं. भोंगा थांबायला हवा होता. थांबला नाही. वाढलाही नाही. एकाच उंचीवर, एकाच श्वासात येत राहिला. एकेक बाई गाता गाता गप्प झाली. शेवटी कृपाचा एकटीचा आवाज राहिला, मग तोही गेला.

लिंबाचं पान हलत नव्हतं.

जात्याची घरघर थांबली.

जातं थांबलं नव्हतं. ते फिरतच होतं, पण आवाज नव्हता. मार्थाबाईनं खाली पाहिलं. दोन दगडांच्या मधे फट होती. फटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं. उडालेली हळद खाली बसत नव्हती. जिथल्या तिथं, पिवळी, हवेत उभी होती.

राजश्रीच्या लुगड्याचा काठ जमिनीवरून उचलला गेला होता. वारा नसताना. पोतं आणि ती, यांच्यामधून एक मुंगी सरळ चालत गेली.

पार्वतीबाईनं कृपाचे डोळे झाकले.

"सोडा," फाटकातून ब्रदरचा आवाज आला. तो आवाज त्याचा वाटत नव्हता. "आई, खुंटा सोडा. तिला जाऊ द्या." आणि बोलता बोलता तो एकेक पाऊल मागं सरकत होता. इतकी वर्षं ज्याची वाट लोकांना दाखवली, ते दारात आल्यावर त्याला तिथं उभं राहवेना.

मार्थाबाईनं खुंट्यावरचा हात उचलून राजश्रीच्या हातावर ठेवला आणि मूठ आवळली. हात ऊबदार होता. पण त्याला वजन नव्हतं. चिमणी धरल्यासारखा.

"आत्याबाई, सोडा."

"न्हाई."

"मला बरं वाटतंय."

"मला न्हाई वाटत."

खुंटा वर ओढत होता. तिनं पाय पसरला आणि तोड्यासकट राजश्रीच्या पावलावर टाकला. मग मान वर केली.

"कर्णा वाजवणाऱ्यानं आदी दार वाजवावं," ती म्हणाली. बाजारात भाव करावा त्या आवाजात. "हे घर माझं हाय. ही सून माझी हाय. पोरीची हळद अर्धी राहिलीया. न्यायचंच आसंल तर मला इचारून. आन् मी न्हाई म्हणते."

खुंटा अजून वरच ओढत होता.

"ओढ," ती राजश्रीला म्हणाली.

राजश्रीनं तिच्याकडं पाहिलं.

"ओढ म्हणते ना."

एक फेरा झाला. मार्थाबाईच्या खांद्यातून कळ गेली. दुसरा झाला. तिसऱ्याला खुंट्यातून काहीतरी आलं, अगदी बारीक, नांदायला आलेल्या नव्या सुनेनं भीत भीत ओढावं तसं. मार्थाबाईनं ते घेतलं.

भोंगा थांबला.

वरचा दगड खाली बसला. धप्प. हळद सगळी एकदम खाली आली, जात्यावर, दोघींच्या डोक्यांवर, पापण्यांवर. लिंबाचं एक पान गळलं.

"गीत का थांबलं?" मार्थाबाई म्हणाली. "पैशे घ्याल का आता गायला?"

बायांनी गीत धरलं. विनोद फाटकातून आत आला आणि आईच्या मागं, लेकीशेजारी, मुकाट्यानं बसला. ब्रदरची मोटारसायकल सुरू झाल्याचं ऐकू आलं. शेडला कुलूप लागलं ते पुन्हा कुणी उघडलेलं पाहिलं नाही.

संध्याकाळी दौंडहून नवऱ्या मुलाचा चुलता हळदीची साडी घेऊन आला. घामाघूम झाला होता. "माफ करा, उशीर झाला," तो म्हणाला. "केडगावपोतर गाडीनं येणार हुतो. पर पुलाचं काम काढलंय, सकाळधरनं लाईन बंद. एक मालगाडी सुदीक सोडली न्हाई आज."

पार्वतीबाईनं मार्थाबाईकडं पाहिलं. मार्थाबाईनं पाहुण्याच्या ताटात दुसरा लाडू ठेवला.

"खावा," ती म्हणाली. "घरचं तूप हाय."

लग्नाच्या दिवशी सकाळी, शिरूरच्या चर्चला निघायच्या आधी, तिनं मोरीत बसून पायांना साबण लावला आणि तोडे काढले. इतक्या वर्षांत ते मांसात बसले होते, निघताना कातडं सोलून निघालं. मग राजश्रीला पाटावर बसवून, स्वतः खाली बसून, तिच्या पायात घातले. राजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. वस्ती म्हणाली, म्हातारी वयाप्रमाणं निवळली. मार्थाबाईनं म्हणू दिलं.

पार्वतीबाईनं एवढंच विचारलं, "घट बसलं का?"

"बसलं."

लग्न चांगलं झालं. कृपा दौंडला गेली. विनोदनं ऊस लावला. राजश्री दोन वेळा जेवते, हातात बांगड्या भरते, रविवारी शिरूरला उपासनेला जाते. अंगणात तिची पावलं उमटतात, उथळ, पण उमटतात. चिमण्या मात्र अजून तिला बघून उडत नाहीत. मार्थाबाई आताशा घरातून फारशी हलत नाही. गुडघे दुखतात म्हणते. तोड्यांचा आवाज जिथवर ऐकू येतो तिथवरच बाज टाकून बसते.

परवा दुपारी ती माजघरात पडली होती. विनोद कामावर गेलेला. बाहेर ऊन, उसाची सळसळ, चुलीवर भाकरीचा वास. डोळा लागत होता, तेवढ्यात तोडे वाजले. रोज ते भुईवरून सरपटत येतात, चुलीपासून हंड्यापर्यंत, हंड्यापासून दारापर्यंत. आत्ताचा आवाज शिंक्याच्या उंचीवरून आला.

मार्थाबाईनं डोळे उघडले नाहीत.

"राजश्री," ती म्हणाली, "खाली उतर. भाकरी करपती."

मग एक तोडा भुईला टेकला.

दुसरा टेकायला बराच वेळ लागला.